मुलगी पसंत, पाणी नाही

"पाणी नको. आम्ही घरून आणलंय."

मुलाच्या आईनं पिशवीतून बाटली काढली. मी ट्रे धरून उभी. पेल्यांत आमच्या विहिरीचं पाणी, उकळून गाळलेलं. नागपूरहून मला पाहायला आलेली माणसं. एकानंही पेल्याला हात लावला नाही. नंतर चहा ठेवला, त्यावर साय धरली.

आमचं गाव नागपूरच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. शहराचं सांडपाणी नदीत येतं, नदीचं झिरपून विहिरीत. पाण्याला वास येतो. खोटं कशाला बोलू?

मग मुलाची आई म्हणाली, "मुलगी पसंत आहे. पण लग्न नागपुरातच करा. तुमच्याकडचं पाणी आमच्या माणसांना चालत नाही."

चालत नाही. आमच्या आजोबांनी हेच शब्द गावातल्या दलितांना ऐकवले होते. आता आमच्याच ओसरीवर आम्ही ते ऐकत होतो.

बाबांनी हात जोडले. "तुमी म्हणाल तसं करू."

ते जोडलेले हात पाहून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ट्रे खाली ठेवला.

"काकू, तुमच्या संडासचं पाणी कोठी जाते?"

"हे काय विचारणं झालं?"

"नदीत जाते. तेच वाहत इथं येते. तुमचंच हाय, मंग तुमाले काहून चालत नाही?"

मुलानं मोबाईलमध्ये मान घातली. बाकीचे उठलेच. त्यांची गाडी गेली तेव्हा आई आत रडत होती.

"काय केलं वं हे?" बाबा म्हणाले. "तिथं जन्मभर नळाचं साफ पाणी पेली असती तू."

हात त्यासाठी जोडले होते तर. मला भरून आलं, पण मी माघार घेतली नाही.

"अन् माझं सांडपाणी तुमच्या विहिरीत आलं असतं, बाबा."

मग मी त्यांनाही सोडलं नाही. फवारणीचा पंप ते नदीतच धुतात. कपाशीला टाकलेला युरिया पावसात वाहून नदीतच उतरतो.

"आपल्या खालतीबी गावं हायेत. तेबी विहिरीचंच पाणी पेतात. उद्यापासून पंप नदीत धुवायचा नाही."

बाबांनी मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत.

आता भांडण शहराशी. लग्न होईल, नाही तर राहील. त्यांचा मैला आमच्या विहिरीत उतरणं थांबत नाही तोवर ही नदी सोडून मी कुठंही नांदायला जाणार नाही.