अक्काची खोली

"अक्का गेली. सरळ खुलताबादलाच ये, इकडं घरी शहागंजला नको येऊस," दादा फोनवर म्हणाला. सख्खी बहीण गेली, आणि माणसाला घाई कशाची, तर बाहेरच्या बाहेर उरकायची... मला आधी रडू नाही, राग आला. दोन महिने झाले, अजून उतरला नाही.

गणित मी शाळेत नाही, अक्काजवळ चुलीपुढं शिकले. भाकरीचे चार तुकडे करून ती विचारायची, "ह्या पाव भाकरीतला निम्मा मला दे. पुऱ्या भाकरीचा कितवा हिस्सा झाला?" उत्तर चुकलं की तुकडा स्वतःच खाऊन टाकायची. गुलमंडीतून आणलेला चौकोनी रुमाल कोपऱ्याला कोपरा लावून दुमडायची. "बघ, त्रिकोण म्हणजे निम्मा चौकोन. व्हय का नाय?" बांगडीभोवती दोरा गुंडाळून तोच बांगडीच्या रुंदीवर मोजायला लावायची. तीनदा मोजून जरासा उरायचाच. "हा जरासा अजून कुणाला नेमका सापडला नाही," म्हणून हसायची.

दादा दहावीला गणितात सुटला तोही तिच्यामुळंच. वडील गेल्यावर त्याच दादानं आम्हा दोघी बहिणींपुढं हक्कसोडाचा कागद ठेवला. बहिणींनी सही करायची, माहेरची साडी घ्यायची आणि गप बसायचं, ही आमच्याकडची रीत. ज्याला तिनं हिस्से शिकवले, त्यानं तिचा हिस्सा एका साडीत बसवला.

पुढं भाऊजी वारले. अक्कानं शहागंजच्या घरातली मागची रिकामी खोली मागितली, शिकवणीसाठी, नुसती वापरायला. "सही केलीस ना? मग खोली कशाची?" दादा म्हणाला. तिथं तो मोडके कूलर ठेवतो. अक्का खुलताबादलाच भाड्यानं राहिली, अंगणात पोरं बसवून शिकवू लागली. मला म्हणायची, "जाऊ दे गं, इथं लई हवा येती." मी काही जाऊ दिलं नाही, देणारही नाही.

तेराव्याला अक्काच्या घरी दादा पाहुण्यांना सांगत होता, "अक्कानं कधी कशाला हात पसरला नाही." ऐकवेना, म्हणून अंगणात आले. तिच्याकडं शिकणाऱ्या दोन मुली फरशीवर खडूनं मोठा आयत आखत होत्या. "ही बाईंची खोली हाय," एक म्हणाली. "क्षेत्रफळ, फरश्या, रंग... समदी गणितं बाई हिच्यावरच घालायच्या." तिनं पूर्वेची खिडकी दाखवली, दुसरीनं दाराशेजारचा कोनाडा. आमच्या शहागंजची खोली होती ती.

तेवढ्यात दादा हात धुवायला बाहेर आला आणि खडूच्या रेघा तुडवत नळाकडं निघाला. "काका, तिथं भिंत हाय," मुलगी म्हणाली. त्याला काही कळलं नाही. मी हे लिहून वर्तमानपत्राला पाठवलं. आता तो पुरवणीत वाचेल.