यकृताचा अहवाल

गोळ्या सुरू करण्यापूर्वी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मला एकच अट घातली होती: दर तीन महिन्यांनी यकृताची रक्ततपासणी, आणि एसजीपीटी मर्यादेबाहेर गेले तर गोळ्या त्याच दिवशी बंद. अट मोजता येण्याजोगी होती, म्हणून मला आवडली. त्याआधीच्या दोन डॉक्टरांपैकी एकाने मला लग्न सुचवले होते आणि दुसऱ्याने व्यायाम.

मी तेव्हा रोह्याच्या एका रसायन कारखान्यात, प्रयोगशाळेत केमिस्ट होते. कागदोपत्री पुरुष, एम. एस्सी., अविवाहित. राहायला रोह्यात भाड्याची खोली. घर हमरापूरला, जिथे आईवडिलांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. पुढे पीएच.डी. करायची आणि ती बाई म्हणून करायची, हे मी ठरवून टाकले होते. नोकरीची दोन वर्षे आणि गोळ्यांची दोन वर्षे एकाच वेळी उरकायची, असा आराखडा होता.

पहिल्या गोळीची वेळ वहीत आहे: सकाळी सहा दहा, पहिल्या शिफ्टच्या बसआधी. वहीत मी स्वतःचा उल्लेख ‘नमुना’ असा करीत असे. तिसरा आठवडा: त्वचेचा तेलकटपणा कमी. सातवा आठवडा: उजव्या स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी गाठ, दाबल्यास दुखते. अकरावा आठवडा: डावीकडेही. ‘दुखते’च्या पुढे एकदा मी ‘समाधान’ असे लिहिले आणि खोडले. तो निरीक्षणाचा शब्द नव्हता.

आराखड्यात एक गोष्ट मी धरलीच नव्हती. बाराव्या आठवड्यात कंपनीची सहामाही वैद्यकीय तपासणी आली.

गावातले एक वयस्क डॉक्टर दर गुरुवारी दुपारी प्रथमोपचाराच्या खोलीत बसत. सहामाही तपासणीच्या दिवशी त्यांना शंभरेक माणसे संपवायची असत, म्हणून वेळ वाचवण्याची एक पद्धत पडली होती: बाहेरच्या पडवीतच शर्ट-बनियन काढून खांद्यावर टाकायचे आणि उघड्या अंगाने रांगेत उभे राहायचे. मी एप्रनची सगळी बटणे लावून उभी राहिले. माझ्या मागे प्रयोगशाळेतले मामा होते. ते गडब गावचे, वीस वर्षे काचेची भांडी धूत आलेले, आणि सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणे.

“काढा ना शर्ट, साहेब,” मामा म्हणाले. “लाजताय कशाला? आत काय नवरीमुलगी बघायला बसलेत व्हय?”

पुढचे चारजण हसले. मीही हसले. ते हसू किती सेकंद टिकवायचे याचाही हिशेब मनात चालू होता.

“सर्दी हाय त्यांना,” कोणीतरी म्हणाले.

“सर्दी नाय, एम. एस्सी. हाय,” मामा म्हणाले.

आत गेल्यावर मी फक्त एप्रन काढला. डॉक्टरांनी वर न पाहता स्टेथोस्कोप शर्टातून बनियनखाली सरकवला. थंड चकती नेमकी डाव्या गाठीवर टेकली आणि मी मागे सरकले.

“दुखतं?”

“पिंप उचललं होतं. स्नायू धरलाय.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, रक्त घ्यायला सांगितले आणि पुढचे नाव पुकारले. मला वाटले, सुटले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला बोलावून घेतले. एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीहून थोडे अधिक होते.

“दारू?”

“नाही.”

“कावीळ झाली होती कधी?”

“नाही.”

“क्लोरोफॉर्म किती हाताळता?”

“रोज. दिवसाला तीन-चार निष्कर्षणं.”

“आणि तो वाफा ओढणारा पंखा?”

“दिवाळीपासून बंद आहे.”

त्यांनी मान हलवली. उत्तर त्यांना मिळाले होते. त्याच दिवसापासून मला महिनाभर प्रयोगशाळेतून काढून दप्तरखान्यात बसवले गेले, आणि पंखा ताबडतोब दुरुस्त करावा असा शेरा व्यवस्थापनाकडे गेला. संध्याकाळी खोलीवर येऊन मी गोळ्यांची पट्टी ट्रंकेच्या तळाशी ठेवली. अट अट होती. माझ्यापुढे आता एकच प्रश्न होता, या गोळ्या मला पुन्हा कधी घेता येणार होत्या की नाही. आणि तो विचारायचे धैर्य नसल्यामुळे मी त्या महिन्यात डॉक्टरीणबाईंना फोनसुद्धा केला नाही. दप्तरखान्यात जुन्या बॅचची कार्डे क्रमाने लावीत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात गाठींचे दुखणे कमी झाले. मी रोज सकाळी दाबून पाहत असे. दुखावे म्हणून एखादीने इतक्या आतुरतेने दाबून पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

त्या रविवारी हमरापूरला आईने काम करता करता माझ्याकडे निरखून पाहिले. ती डोळ्यांची आखणी करते. मूर्तीचे सगळे रंग झाल्यावर, शेवटी, बारीक कुंचल्याने डोळे काढायचे, आणि एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच बैठकीत, ही तिची रीत. कोणी मध्ये हाक मारली आणि हात थांबला तर ती काढलेला डोळाही पुसते आणि दोन्ही पुन्हा काढते. माणसाच्या चेहऱ्यातला फरक तिच्यापासून लपत नाही.

“मागच्या महिन्यात तोंडावर काय तेज होतं रे तुझ्या,” ती म्हणाली. “आता बघ, उतरलं सगळं. कोण पोरगी सोडून गेली काय?”

“नाय गं आई.”

“मग कंपनीत जे खात होतास ते पुन्हा खा.”

ती हसली आणि पुन्हा मूर्तीकडे वळली. मी हातातल्या पॉलिश पेपरने एका मूर्तीचा पाट घासत होते. तो मी गरजेपेक्षा बराच अधिक घासला.

महिना संपला. पुन्हा रक्त घेतले गेले. एसजीपीटी मर्यादेच्या आत आले होते.

“बघा,” डॉक्टर म्हणाले, “क्लोरोफॉर्मच होतं. सोमवारपासून प्रयोगशाळेत जा. तोवर पंखाही बसेल.”

मी आभार मानून पडवीत आले, आणि तिथे, महिनाभर उशिरा, मला माझी चूक दिसली. शिकाऊ केमिस्टची वही मी ज्या कारणासाठी परत करीत असे तेच कारण होते: दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या होत्या. क्लोरोफॉर्म बंद झाले त्याच दिवशी गोळ्याही बंद झाल्या. आलेल्या आकड्यावरून दोषी कोण, हे कोणालाच सांगता येणार नव्हते. डॉक्टरांना गोळ्यांचे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

बाजारातल्या एसटीडी बूथवरून मी मुंबईला फोन लावला. काचेच्या दाराबाहेर दोन माणसे थांबली होती, म्हणून मी गोळ्यांना ‘ते औषध’ म्हणत होते.

“दोन्ही एकदम थांबवलंत?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग मी काय सांगणार? क्लोरोफॉर्मपासून आणखी एक महिना लांब राहता येत असेल तर निम्म्या मात्रेनं पुन्हा सुरू करून बघू. लांब राहता येत नसेल, तर मी लिहून देणार नाही.”

“आणि वाढलं तर?”

“तर ह्या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत.”

बाहेरच्या माणसाने काचेवर टिचकी मारली.

आणखी एक महिना फक्त एकाच माणसाकडून मिळू शकत होता. शुक्रवार आणि शनिवार मी खोटी कारणे तयार करण्यात घालवले: घरचे लग्न, पाठदुखी, दप्तरखान्यातले अपुरे काम. त्यांतले एकही तपासणीला टिकले नसते. रविवारी सकाळी मी कंपनीच्या डॉक्टरांच्या गावातल्या दवाखान्यात गेले. रुग्ण संपेपर्यंत बाकावर बसले, आणि आत जाऊन, बसण्याआधीच, म्हणाले, “डॉक्टर, त्या दिवशी मी दोन गोष्टी थांबवल्या होत्या.”

“दुसरी कोणती?”

मी आधीची एक रिकामी पट्टी टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांजवळ नेली.

“ह्या बायकांच्या गोळ्या आहेत.”

“हो.”

“कोणासाठी?”

“माझ्यासाठी.”

बाहेर कंपाउंडर मिक्सचरच्या बाटल्या विसळत होता. डॉक्टरांनी चष्मा परत नाकावर घेतला.

“स्नायू नव्हता तर तो,” ते म्हणाले.

“नाही.”

“मला कळलं होतं काहीतरी. हे नव्हतं कळलं.” त्यांनी पट्टी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. “हे मी कंपनीच्या कागदावर लिहिलं तर सोमवारी तुम्हाला नोकरी नसेल. समजतंय ना?”

“समजतं. पण तुमचा निष्कर्ष चुकीचा असू शकतो, आणि ते मला माहीत असताना मी गप्प बसले तर तो चुकीचाच राहील.”

“भांडायला आलात की मदत मागायला?”

“आणखी एक महिना मागायला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत दया नव्हती, आणि त्याचे मला बरे वाटले. मग त्यांनी कंपनीचे लेटरहेड ओढून ‘दप्तरखान्यातली मुदत महिनाभर वाढवावी’ एवढेच लिहिले.

“महिन्यानं रक्त पेणला द्या, खासगीत. अहवाल मला आणून दाखवा. कंपनीत नको. आणि पंख्याचा शेरा मी मागे घेणार नाही. पंखा बंद होता तो होताच.”

सोमवारी सकाळी सहा दहाला मी अर्धी गोळी घेतली. वेळ लगेच वहीत लिहिली. वहीतले ते अक्षर माझे वाटत नाही.

पंखा त्याच आठवड्यात बसला. मामा दप्तरखान्याच्या दारात येऊन म्हणाले, “साहेब, तुमचं लिवर गेलं, पण आमाला वारा मिळाला बघा.” मी हसले, पण कार्डांकडे बघत. ज्या अहवालावर तो वारा आला होता, त्याची खात्री मी देऊ शकत नव्हते.

चार आठवड्यांनी पेणच्या प्रयोगशाळेतून पाकीट घेतले. तिथे उघडले नाही. एसटी गडबच्या थांब्यावर थांबली, माणसे चढली, तेव्हा उघडले. आकडा मागच्यापेक्षा जास्त होता. मर्यादेच्या आत होता, पण मर्यादेपासून फार लांब नव्हता.

एका वाचनावरून निष्कर्ष काढत नाहीत. मी पाकीट परत घडी घालून खिशात ठेवले, आणि पुढची तपासणी महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी करायची, असे तिकिटाच्या मागे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला अर्धी गोळी घेतली. गाठ दाबून पाहिली. दुखत होती.