एक्सबी इंजिन आणि माझं हसू

अमेरिकेत ईडन प्रेरीजवळच्या आमच्या मॉडेल रेल्वे क्लबात मी एकटीच बाई आणि एकटीच भारतीय. दर महिन्याला कुणीतरी एका जातीच्या इंजिनाचा इतिहास सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी एक्सबी हे वाफेचं इंजिन निवडलं. बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, आणि तरुणपणी लोको शेडमध्ये फिटर म्हणून ते याच इंजिनावर काम शिकले होते. त्या दिवशी ते पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही इंजिनं ब्रिटनमध्ये बांधून हिंदुस्थानात पाठवली गेली. हलक्या, स्वस्त कोळशावर मेलगाड्या ओढायच्या, हा हेतू. पण वेग वाढला की ती रुळांवर डुलायची, खालचे रूळ वाकवायची. अपघात झाले, माणसं मेली, चौकशा बसल्या, वेगावर बंधनं आली. मी इथवर आले आणि क्लबचा म्हातारा अध्यक्ष मध्येच बोलला, "इंजिनात खोट नव्हती. खोट त्यांच्या रुळांत होती, आणि ड्रायव्हरांच्या डोक्यात!"

सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांच्या मीटिंगांनी लावलेली सवय.

"काय म्हणाला गं तो?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "‘ड्रायव्हर’ असं म्हणाला तो, तेवढं इंग्रजी मला कळतं. आणि तू हसलीस."

"तसं नाही हो. इथे सगळेच असं…"

"त्या इंजिनाखाली मी आडवा पडून काम केलंय. तो पडलाय कधी?"

मी चिडले. "मला इथे राहायचंय, बाबा. तुम्ही जाल परत!"

त्यानंतर ते फक्त जावयाशी बोलत. चहासुद्धा त्याच्याकडेच मागत.

राहिलेलं बोलायला पुढच्या सभेत अर्धा तास द्या, अशी मी अध्यक्षाला मेल केली. वेळापत्रक भरलंय, असं दोन ओळींचं उत्तर आलं. तरी मी गेले. क्लबच्या टेबलावर मी बनवलेलं एक्सबीचं मॉडेल ठेवलेलं होतं. दोन हिवाळे घातले होते त्यात. मी ते उचलायला लागले तसा अध्यक्षाने त्यावर हात ठेवला. "हे क्लबच्या मांडणीतलं आहे. उगाच इमोशनल होऊ नकोस."

"हात काढा," मी म्हटलं. "माणसं मेली होती त्या अपघातांत. तुम्ही हसलात. मीही हसले, त्याची लाज वाटते मला. तुम्हाला नाही वाटत?"

त्याने हात काढला, पण नजर तीच, कामवालीकडे बघावं तशी. मी इंजिन उचललं आणि क्लब सोडला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं केलंस," म्हणाले, "पण बोलायचं तेव्हा होतं." आणि वर खोलीत निघून गेले. तिकीट बदलून महिनाभर आधीच परत गेले.

त्या अध्यक्षावरचा माझा राग अजून गेलेला नाही. खरं सांगायचं तर बाबांवरचाही नाही.