छत्तीस गुण आणि चौसष्ट बिट

तुम्ही नातवंडांनी पाठवलेल्या लॅपटॉपबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याने शेजारच्या मुलीचं लग्न जवळजवळ मोडलं, पण त्यात चूक त्याची नव्हती. चूक माझ्या भाषांतराची होती, आणि भाषांतर अचूक होतं.

तुमचे आजोबा गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरहून पत्रिका जुळवायचा एक प्रोग्राम फ्लॉपीवर आणला. मुलामुलीची जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते तो सांगे. अठराला पास. मी इंग्रजी शिकवणारी बाई. या प्रकाराला हसत असे. पण पांढुर्ण्यातले आणि नदीपलीकडच्या सावरगावातले लोक कागदाच्या सुरळ्या घेऊन आमच्या ओसरीत बसायचे, कारण गुरुजी पंचांगातून सांगत आणि सर कम्प्युटरमधून. आजोबा गेल्यावर तो जुना कम्प्युटर मी सौंसरला माझ्या नणंदेकडे दिला. देण्याआधी, तुमच्यातला मोठा सुट्टीत आला होता तेव्हा, त्याने त्यातलं सगळं या लॅपटॉपवर उतरवून दिलं, पत्रिकेच्या प्रोग्रामसकट.

आमच्या शेजारणीच्या घरी संत्र्यांचा व्यापार. तिची धाकटी मुलगी बोरगावच्या शाळेत शिकवते आणि तिने सौंसरचा एक मुलगा स्वतःच पसंत केला होता. आईची हरकत नव्हती. मुलाकडची मंडळी रविवारी बोलणी करायला येणार होती. त्याआधी आईला फक्त सरांच्या कम्प्युटरचा शब्द हवा होता.

"मोबाइलवर बी येते म्हणे, पण मोबाइलवर तं काहीही येते," ती म्हणाली. "बाई, मोठीचं सरांच्याच कम्प्युटरनं जुळवलं. आज पाहा, कशी सुखात हाय. हिचं बी त्याच्यातच पाहाचं."

मी चष्मा लावला, लॅपटॉप उघडला आणि प्रोग्रामच्या चित्रावर टिचकी मारली. एक चौकट आली. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं की चौसष्ट बिटांच्या व्यवस्थेशी जुळत नसल्यामुळे हा प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही.

"काय म्हणून राहिलं जी ते?"

भाषांतर करताना पदरचं काही घालू नये, हे मी आयुष्यभर मुलांना बजावत आले. मी घातलं नाही.

"जुळत नाही म्हणतंय."

शेजारीण उभीच राहिली. "माय वं! जन्मवेळ टाकाच्या आधीच?"

"अहो, ते आपलं स्वतःबद्दल..."

"सरांचं मशीन हाय ते. सर बी वर्गात तोंड पाहूनच ओळखत, कोण नापास होणार."

"आई, ते माझ्याबद्दल नाही बोलून राहिलं," मुलगी दारातून म्हणाली.

"मंग कोणाबद्दल? इथं लग्न दुसऱ्या कोणाचं हाय?"

मी तुमच्यातल्या मोठ्याला फोन लावला आणि सर्वांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. हा माझा दुसरा शहाणपणा. "आजी, प्रोग्राम जुना आहे," तो म्हणाला. "सोळाचा आहे."

"सोळा!" शेजारणीने कपाळाला हात लावला. "अठरा बी नाही आले."

त्याने बिचाऱ्याने सगळं नीट समजावलं. लॅपटॉप चौसष्ट बिटांचा, आजोबांचा जुना कम्प्युटर बत्तीसचा, आणि प्रोग्राम त्याही आधीचा, सोळाचा. चौसष्टवाला बत्तीसला चालवून घेतो, बत्तीसवाला सोळाला चालवून घेतो, पण चौसष्टवाला सोळाला ओळखच देत नाही. ही रीत मी बऱ्याच घरांत पाहिली आहे, त्यामुळे मला लगेच समजलं. शेजारणीला एवढंच समजलं की छत्तीसांत चौसष्ट मागणारं स्थळ फार मिजासखोर असलं पाहिजे.

शेवटी तो म्हणाला, लॅपटॉपच्या आतच जुन्या मशीनची नक्कल करता येते, म्हणजे आत एक खोटं मशीन उभं राहतं.

"खोट्या मशीनवर माह्या पोरीचं लग्न?" शेजारीण म्हणाली. "रविवारी येऊ नका म्हणून कळवतो मी त्याहिले."

मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी म्हटलं, खरं मशीन सौंसरला आहे, उद्या जाऊ.

दुसऱ्या दिवशी तिघी बसने सौंसरला गेलो. नणंदेने कम्प्युटरला लोकरीचं विणलेलं झाकण घातलं होतं आणि वर पापडांचा डबा ठेवला होता. तो उतरवून बटण दाबलं. मशीन घुरघुरलं आणि विचारात पडलं. तेवढ्या वेळात नणंद शेजारणीला चहाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. पडद्यापुढे मी आणि मुलगी.

बत्तीसने सोळाला कुरकुर न करता आत घेतलं. मी दोघांच्या वेळा टाकल्या. उत्तर आलं: तेरा.

मुलीला इंग्रजी आकडे वाचता येतात, हा आमच्याच शिक्षणाचा दोष. ती हळूच म्हणाली, "बाई, ताईचे किती आले होते? सापडन काय?"

प्रोग्रामात जुन्या पत्रिकांची यादी होती. तिच्या ताईचं नाव सापडलं. गुण अकरा. पुढे शेऱ्याच्या रकान्यात, रोमन अक्षरांत, तुमच्या आजोबांनी टाइप केलं होतं: 'सांगितले २७.'

मी यादी वर सरकवली. पोस्टमनची मुलगी: गुण चौदा, सांगितले २२. सावरगावचं एक जोडपं: गुण नऊ, सांगितले ३०, 'दोघे एकमेकांशिवाय जेवत नाहीत.' एका ठिकाणी गुण एकतीस होते, आणि शेरा होता: 'सांगितले ८. मुलगा पितो.' मी ज्या प्रकाराला इतकी वर्षं हसत होते, तो हा नव्हताच.

"तुझा मुलगा पितो का?" मी विचारलं.

"चहा," ती म्हणाली. "फार."

आतून हाक आली, "आलं काय जी?"

"चोवीस," मी म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला, पण शब्द स्पष्ट होता. मग शेऱ्याच्या रकान्यात 'सांगितले २४' असं लिहून प्रोग्राम बंद केला. नोंद नीट ठेवलेली बरी.

शेजारीण हातात कपबशी घेऊनच बाहेर आली. तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले, आणि मग काळ्या पडद्याकडे आणि माझ्याकडे नाराजीने पाहिलं.

"एवढ्याशा गोष्टीले इतका येळ लागते काय, बाई? सर असते तं दोन मिनिटांत सांगून मोकळे झाले असते."

ते खरंच होतं. त्यांना सराव होता.