डांगराच्या खालच्या अंगाला

मी मुळात संशयी माणूस. बिल दोनदा तपासणारा, कुणी गोड बोललं की याला काय हवंय असा विचार करणारा. भुताखेतांच्या गोष्टी तर आमच्या घरात चालतच नाहीत. पप्पा म्हणतात, देवावर विश्वास आहे ना, मग बाकीच्या भानगडी कशाला? त्यामुळे अशा अनुभवांच्या या सदरात आपलंही काही छापून येईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षीची ही गोष्ट मी सगळ्या बाजूंनी उलटसुलट करून पाहिली आणि ती काही केल्या बसत नाही... म्हणून लिहितोय.

माझं नाव इम्मानुएल, घरात सगळे इमू म्हणतात. गाव नेवाशाच्या बाजूला, गोदावरीच्या पट्ट्यात. गावात आमच्या ख्रिस्ती मंडळीचं छोटं चर्च आहे, पन्नासेक घरं असतील. गेल्या जुलैत मी इंजिनीअरिंगसाठी इकडे आलो. कॉलेज शीळफाट्याच्या रस्त्याला, रूम कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनच्या जवळ. रूममेट रोहित शहापूरचा. घरमालकीण मंदामावशी खाली राहतात.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाऊसकाळ संपला की चर्चमध्ये कापणीचा सण असतो. प्रत्येक घर शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतं — बाजरीची कणसं, वांगी, अंडी, एखादी कोंबडीसुद्धा. उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. आमच्या पप्पांची त्यात आणखी एक तऱ्हा. विहिरीच्या कडेला ते डांगराचा वेल लावतात. डांगर म्हणजे लाल भोपळा. फळ मुठीएवढं असतानाच ते बाभळीच्या काट्याने त्यावर आम्हा मुलांची नावं कोरतात. ती जखम भरून येते, खपली धरते आणि फळ वाढेल तशी अक्षरंही रुंद होत जातात. सणाच्या दिवशी मी आणि धाकटी बहीण रूथ आपापल्या नावाचं डांगर कडेवर घेऊन वेदीपर्यंत जायचो. लिलावात पप्पा ती दोन्ही परत विकत घ्यायचे.

ऑगस्टमध्ये एकदा रूथचा फोन आला. "दादा, माझं नाव कोरलं पप्पांनी!" मी सहज विचारलं, "आणि माझं?" मागून पप्पांचा आवाज आला. "आता तो मोठा झाला. बाहेर पडलेल्याचं नाव वेलावर घालत नसतात." ते हसतच बोलले होते. पण मला ते इतकं लागलं की त्या दिवशी मी जेवलो नाही.

तोपर्यंत मी कसाबसा निभावत होतो. इथे कुणाला माझं नाव नीट घेता येत नव्हतं. रविवारी कुठे जातोस म्हणून विचारायचे, मग "अच्छा, तू ख्रिश्चन? पण मराठी कसं काय?" हे ठरलेलं. वाईट कुणीच नव्हतं, पण दर वेळी स्वतःची ओळख पहिल्यापासून करून द्यायचा कंटाळा यायचा. संध्याकाळी घरची प्रार्थना आठवायची. आईचं वरच्या पट्टीतलं गाणं, रूथचं मध्येच झोपून जाणं... मी एकटाच बसून प्रार्थना करायचा प्रयत्न करायचो आणि अर्ध्यावरच सोडून द्यायचो. त्या फोननंतर तर मला वाटायला लागलं, इथे मी कुणाचा नाही आणि तिथून नाव कमी झालंय.

शेवटी ऑक्टोबरात मी ठरवलं की बस्स, कॉलेज सोडायचं. पप्पांनी माझ्या ॲडमिशनसाठी जिवाचं रान केलं होतं, हे माहीत असूनही ठरवलं. रविवारच्या दुपारच्या बसचं तिकीट काढलं, बॅग भरली. रोहितला सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. बसला वेळ होता म्हणून सकाळी कल्याणच्या मराठी मंडळीत उपासनेला गेलो. ती मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. आत पाऊल टाकतो तर समोर कापणीचा सण!

शहरातला सण तो. शेत कुणाकडेच नाही. सगळ्यांनी भाज्या सकाळी मार्केटमधून आणलेल्या — फ्लॉवर, सफरचंदं, कुणीतरी बिस्किटांचा पुडासुद्धा ठेवलेला. मला हसू आलं आणि रडूही. उपासनेनंतर लिलावाला सॅम्युएल अंकल उभे राहिले. ते वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर आहेत, आवाज एकदम खणखणीत.

"अरे बोला रे, लाजू नका! फ्लॉवर गेला... आता हा बघा भोपळा. कसला भारी माल आहे!" असं म्हणत त्यांनी टेबलावरचं एक डांगर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं. खालची बाजू आमच्याकडे आली.

त्यावर लिहिलं होतं — इमू.

शिरोरेघ नव्हती. काट्याने रेघ ओढताना साल फाटते म्हणून पप्पा ती देतच नाहीत. आणि अक्षरांखाली एक छोटी आडवी काडी. बाजरीच्या पोत्यांवर नाव घालतानाही पप्पा तशीच काडी काढतात. मी ताडकन उभा राहिलो.

"आला, आला! आपला नवीन मुलगा उभा राहिला!" अंकल ओरडले. लिलावात उभं राहणं म्हणजे बोली, हे मी लहानपणापासून पाहत आलोय, पण त्या क्षणी भान कुणाला होतं? माझ्यापुढे कुणी बोललं नाही. टाळ्या पडल्या आणि डांगर माझ्या हातात आलं.

पहिला विचार काय आला असेल? चमत्कार वगैरे अजिबात नाही. मला वाटलं, हा डाव आहे. रोहितने बॅग पाहिली असणार, घरी फोन केला असणार, आणि पप्पांनी कुणातरी ड्रायव्हरच्या हाती हे धाडून मला अडवायचा घाट घातला असणार. मला राग आला. मी हॉलमध्ये एकेकाला गाठून विचारायला लागलो.

"अंकल, हे कुणी आणलं?"

"मला काय माहीत रे? मी आलेलो तेव्हा टेबल लागलेलं होतं. लेडीजना विचार."

टेबल लावणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "आम्ही भोपळा घेतलेलाच नाही. एवढं वजन कोण उचलणार?" दुसरीला वाटत होतं पाळकांनी म्हणजे पास्टरांनी आणला, पाळकांना वाटत होतं बायकांनी. "का रे, खराब निघाला का?" त्यांनी काळजीने विचारलं. मी नखाने अक्षरं खरवडून पाहिली. काल-परवा कोरलेली असती तर ओली लागली असती, पण ही जुनी, कडक खपली धरलेली होती. म्हणजे फळ लहान असतानाच कोरलेली. तेव्हा मी कॉलेज सोडणार हे मलाच माहीत नव्हतं, तर रोहितला कुठून असणार?

मग वाटलं, आमच्या नगर जिल्ह्याचा माल कल्याणच्या मार्केटला येतोच, आपल्या वेलावरचं डांगर त्यातून आलं असेल. पण पप्पा ती कधीच विकत नाहीत, आणि माझं नाव तर यंदा कोरलंच नव्हतं... या सगळ्या चौकशीत जेवणं उरकली, हॉल रिकामा झाला आणि माझ्या लक्षात आलं की बस केव्हाच निघून गेली.

रूमवर येऊन मी रूथला व्हिडिओ कॉल लावला. डांगर कॅमेऱ्याच्या बाहेर, मांडीवर घेतलं होतं. रोहित शेजारी बसला होता.

"दादा, आज आपल्याकडे पण सण होता!" ती म्हणाली. "आणि मम्मी पप्पांवर जाम चिडलीये. त्यांनी माझं डांगर घेतलं ना, मग आणखी एक साधंच डांगर कशाला घेतलं म्हणून."

"ते साधं डांगर कुठाय?" मी विचारलं.

"हे काय, खाटेखाली."

"उलटं कर."

तिने फोन खाली ठेवला. धडपड ऐकू आली. "दादा... अरे, याच्यावर तर तुझं नाव आहे!"

तिने फोन जवळ नेला. इमू. शिरोरेघ नाही, खाली आडवी काडी. देठाच्या डाव्या बाजूला एक खळगा. मी मांडीवरच्या डांगराला हात लावला, देठाच्या डाव्या बाजूला खळगा होता. रोहित एकदा स्क्रीनकडे आणि एकदा माझ्या मांडीकडे बघत राहिला. "भाई, ये तो सेम टू सेम है," एवढंच म्हणाला आणि उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

मागून आई म्हणत होती, "बघू, काय लिहिलंय?" मग पप्पांनी फोन घेतला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता.

"पप्पा, तुम्ही तर म्हणालात नाव घातलं नाही."

"घातलं," ते म्हणाले. "खालच्या अंगाला घातलं. खाली उसाचं पाचट टाकलं, सडू नये म्हणून. कोणाला दाखवायचं नव्हतं मला. तुला कळलं असतं तर तुझं ध्यान इकडंच राहिलं असतं, पोरा."

मी रडलो. रोहितसमोर, मोठमोठ्याने रडलो. माझ्या मांडीवर काय आहे ते मात्र त्यांना सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

माझ्याकडचं डांगर मंदामावशींनी चिरलं. रोहितला मी आधी विचारलं, "खाशील ना?" तो म्हणाला, "तू आधी खा, तुला काय झालं नाय तर मी खातो." भाजी चांगली झाली. खालच्या मजल्यावरची चार घरं जेवली आणि त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये माझं नाव सगळ्यांना यायला लागलं. "इमू, भोपळेवाला इमू." मी बॅग रिकामी केली. बिया धुऊन, पेपरवर वाळवून कॉफीच्या बाटलीत भरल्या. त्याही मी संशयानेच ठेवल्या, पुरावा म्हणून.

नाताळला घरी गेलो. पप्पांनी खाटेखालून डांगर काढलं, मुद्दाम माझ्यासाठी राखलेलं. आईला घारगे करायचे होते. तिने सुरी घातली, दोन फोडी केल्या आणि तिथेच थांबली. "अगं बाई... याला बीच नाही!"

गर होता, धागे होते, बिया बसायच्या लहान लहान खोबणीसुद्धा होत्या. बी मात्र एकही नव्हती. रूथचं डांगर चिरलं तर ते बियांनी गच्च भरलेलं. मला रूथचाही संशय आला, पण न चिरता आतल्या बिया ती कशी काढणार? पुढे आमच्या ओळखीच्या कृषी सहायकांना विचारलं. ते म्हणाले, परागीभवन नीट झालं नाही तर बी धरत नाही. मग खोबणी कशा, असं विचारल्यावर म्हणाले, "फोटो पाठव." फोटो पाठवला, त्यावर उत्तर आलं नाही.

डांगर चिरलं त्याच दुपारी मी पप्पांना सगळं सांगितलं. हॉल, लिलाव, निघून गेलेली बस, भरलेली बॅगसुद्धा. मला वाटलं आता चिडतील किंवा प्रार्थनेला बसवतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बिया कुठं हायेत?"

"कल्याणला. बाटलीत."

त्यांनी रिकाम्या फोडीवरून अंगठा फिरवला. "मग तिकडंच लाव," म्हणाले.

उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी ते तपासून मगच मान्य करीन. जूनमध्ये मंदामावशींच्या गच्चीवर एका फुटक्या ड्रममध्ये माती भरून मी ते बी लावलं. आता वेल पाण्याच्या टाकीवर चढलाय. परवा एक फळ मुठीएवढं झालेलं दिसलं. बाभळीचा काटा इथे कुठून आणणार, म्हणून कंपासमधलं कर्कटक घेतलं आणि कुणाला न सांगता फळाच्या खालच्या अंगाला 'पप्पा' असं कोरलं.

रूथला मात्र सांगून ठेवलंय. यंदा सणाला गावच्या टेबलावर ठेवलेलं प्रत्येक डांगर उलटं करून बघायचं.