दमलेलं ॲसिड

"आज न्हाई. ॲसिड दमलंय."

बाटलीचं बूच जरासं वर करून, तांबडा धूर डोळे बारीक करून बघत मामा एवढंच म्हणायचे आणि बूच पुन्हा घट्ट बसवायचे.

सत्तरच्या दशकातली सांगली. रॉकेटच्या इंधनावर माझी पीएचडी चालली होती. या नायट्रिक ॲसिडमध्ये ॲनिलिन नावाच्या तेलकट द्रवाचा थेंब पडला की काडी न लावताच जाळ होतो. किती वेळात होतो, ते मी मोजायचो. मामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, वडूजकडचे, सातवी शिकलेले. ती बाटली ते ओल्या हवेपासून कशी जपायचे, ते तुम्ही बघायला हवं होतं. बाळंतिणीची खोलीसुद्धा कुणी इतकी बंद ठेवत नाही.

"पावसाळ्यात हे हवेतलं पानी पितं, गड्या," मला सांगायचे. "मग कामाला उठतंय व्हय?"

मी हसायचो. पण ते नको म्हणाले त्या दिवशीचे आकडे हमखास बिघडायचे. माझे गाईड, म्हणजे आमचे सर, मोठे विद्वान, ते आकडे सरळ खोडायला लावायचे.

ऐन आषाढात रॉकेट केंद्रातले पाहुणे प्रयोग बघायला आले. मामांनी बाटली बघितली.

"आवं सर, आज नगा दावू. न्हाई पेटायचं."

"तुला काय कळतं रे? जा, झाडू मार," सर पाहुण्यांदेखत म्हणाले. मामा त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. झाडू उचलून बाजूला झाले.

थेंब पडला. धूर झाला, जाळ नाही. पाहुणे तोंडावर रुमाल धरून हसले.

दुसऱ्या दिवशी मामांवर ठपका आला: यानं ॲसिडमध्ये मुद्दाम पाणी घातलं. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं. सर शेजारीच बसले होते, आणि माझी डिग्री त्यांच्या सहीवर होती. पाणी हवेतलं आहे, एवढंच सांगायचं होतं.

"मी पाहिलं नाही," म्हणालो. भेकड कुठला.

मामांची नोकरी गेली. जाताना व्हरांड्यात थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला ठावं हुतं की रं."

पुढं माझ्या प्रबंधातलं कुठलं प्रकरण नावाजलं, सांगू? ओल्या हवेचा ज्वलनावर होणारा परिणाम. आभाराच्या पानावर सर आहेत, प्राचार्य आहेत, टाइप करणारासुद्धा आहे. मामा नाहीत. सरांवर मी आयुष्यभर चिडलो, पण ते पान मीच लिहिलं होतं. प्रबंध पिशवीत घालून दोनदा वडूजच्या एसटीत बसलो. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत, विट्याला उतरून माघारी आलो.