कंपनीचा खोकला

लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याकडे बेडका मागायचा, हे माझं काम. पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं तर मी "आरोग्याच्या संशोधनात आहे" एवढंच सांगते, कारण बेडका म्हटलं की समोरच्याच्या हातातला वडा हातातच राहतो. मला मात्र त्याची किळस आता उरलेली नाही. छातीच्या तळातून आलेला घट्ट, पिवळट बेडका डबीत दिसला की मला बरं वाटतं. त्यातून काहीतरी नक्की कळणार असतं.

आमचा अभ्यास टीबीचा. एखाद्या घरात एकाला टीबी निघाला की बाकीच्यांना तो झालाय का, होऊ घातलाय का, हे दारात जाऊन तपासायचं. पिशवीत मावणारं एक्स-रे मशीन आता निघालंय. फोटो काढला की कॉम्प्युटर तिथल्या तिथे सांगतो, छाती संशयास्पद आहे की नाही. ज्यांना बेडका येतच नाही अशा लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या जिभेवर नुसती कापसाची काडी फिरवून, ती तपासून भागेल का, हेही आम्ही बघत होतो. आणि अलीकडच्या संशोधनातून पुढे आलेली एक गोष्ट मी प्रत्येक घरात सांगते: टीबी असलेल्या पुष्कळ माणसांना खोकलाच नसतो. खोकल्याची वाट बघत बसलं की उशीर होतो.

हे मी उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत सांगितलं. तिथले सिंधी शेठ "बेटा, जल्दी करो, माल निकलना है" म्हणाले आणि मग स्वतःच सगळ्यांच्या आधी फोटोला उभे राहिले. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर सांगितलं, तर तिथल्या मावशींनी दुसऱ्या दिवशी डबी राखेने घासून, चुलीमागे वाळवून परत आणून दिली. "येवढी बारकी डबी ताय, पन बघा कशी चकचकीत केली." आत काहीच नव्हतं. मी हसले आणि पिशवीतून दुसरी डबी काढली. माणूस आपल्याला चांगली, स्वच्छ वस्तू देऊ बघतो, त्याच्यावर रागवायचं कशाला? पुन्हा मागायचं. मागण्यात मी चिवट आहे.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याच घरात होता.

माझे वडील अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत होते. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, गार झालं की साचे फोडायचे. त्या धुळीवर उतारा म्हणून कंपनी कामगारांना गूळ द्यायची. गुळाने घसा साफ होतो आणि धूळ पोटात जाते, अशी सगळ्यांची समजूत होती. आमच्या वस्तीत घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत, त्यामुळे खोकला ही आमच्याकडे तब्येतीची नाही, नोकरीची खूण होती. आई म्हणायची, स्थळ आलं की मुलाचा बाप परमनंट आहे की नाही हे विचारायला नको, दारात उभं राहून खोकला ऐकावा. त्याला नावच होतं, कंपनीचा खोकला. तो कुणी डॉक्टरला दाखवायचा नाही, जसं कुणी पांढरे केस दाखवायला नेत नाही.

पप्पा रिटायर झाले, आई गेली, फौंड्री बंद पडून तिथे गोडाऊन झालं, पण खोकला चालूच होता. शर्टाच्या खिशात गुळाचा खडाही असायचा. मी लग्न होऊन बदलापूरला, खरवईला आलेले. पप्पा अंबरनाथला माझ्या धाकट्या भावाकडे राहतात. गेल्या वर्षी एका रविवारी मी तिथे गेले, तर ते आरामखुर्चीत आणि भावाची तान्ही मुलगी त्यांच्या छातीवर पालथी झोपलेली. तिला थोपटायला त्यांनी हात उचलला आणि मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपराकडे गेलं. लोकांच्या घरी मी असलं काही पाहिलं असतं तर त्याच क्षणी पिशवी उघडली असती.

"पप्पा, वजन किती उतरलंय तुमचं! तपासून घेऊ."

"काय तपासायचं त्यात? कंपनीचा खोकला आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासूनचा."

"मग जुना आहे तर तपासायला काय हरकत आहे?"

"तुला सगळीकडे टीबीच दिसतो. पोलिसाला सगळे चोर दिसतात तसं."

भाऊ हसला. मी हसले नाही. तो खोकला त्या बाळाच्या टाळूवर पडत होता आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. मी हट्टाला पेटले. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून पप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी डबी भरून दिली. भावाने ती सरकारी दवाखान्यात पोचवली. निकाल आला: टीबी नाही.

भावाने मला फोन केला तो पेढे वाटल्यासारख्या आवाजात. पण त्याच्या आधी लॅबमधल्या माझ्या ओळखीच्या मुलीचा फोन येऊन गेला होता. "ताई, हे काय पाणी पाठवलंत? नुसती लाळ आहे. परत पाठवा, याच्यावर भरवसा ठेवू नका."

मी भावाला तसं सांगितलं. तो भडकला. "ताई, रिपोर्ट चांगला आलाय तर तुला त्रास का होतोय? रोग पाहिजेच आहे का तुला?" मीही काही कमी बोलले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगणार? फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग तोंड धुऊन दुसऱ्या वाटेने निघाले. एक्स-रेला तोंडातून काही काढून द्यावं लागत नाही.

एक्स-रेला पप्पा आले. कंपनीत दरवर्षी काढायचे, त्यामुळे त्याची त्यांना सवय होती. उजव्या बाजूला वरती डाग निघाला. भावाला मी मुद्दाम बरोबर नेलं होतं, कारण सोनारानेच कान टोचावे लागतात. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी फोटो उजेडापुढे धरून त्याला नीट समजावलं. वाळूच्या धुळीने छाती आधीच खराब झालेली असते, अशा छातीत टीबी लवकर घर करतो. हा डाग जुन्या धुळीचाही असेल आणि टीबीचाही. टीबी असला तर कुठलं औषध लागू पडेल हे कळायला बेडकाच लागेल, आणि तो छातीतला. जिभेवरच्या काडीचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या अभ्यासात ठीक आहे. वडिलांचं औषध मी अजून तेवढ्यावर ठरवणार नाही." घरी गेल्यावर भावाने बाळाचा पाळणा आतल्या खोलीत नेला.

पप्पांनी पुन्हा डबी दिली. पुन्हा लाळ.

आता मला कळेना. एवढा खोकणारा माणूस, त्याच्या छातीत बेडका नाही? मी माहेरी मुक्कामाला गेले आणि सकाळी त्यांच्या आधी उठले.

पप्पा मोरीत गेले. खाकरून खाकरून त्यांनी छातीतलं होतं नव्हतं ते सगळं मोरीत टाकलं आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग दात घासले. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. साबणाने तोंड धुतलं, भांग पाडला, धुतलेला शर्ट घातला. एवढं सगळं आवरल्यावर कपाटावरून डबी काढली आणि तिच्यात अगदी हळुवार, आवाज न करता थुंकले. झाकण लावून डबी बाहेरून फडक्याने पुसली. लग्नाला निघाल्यासारखा माणूस दिसत होता.

"पप्पा, अहो, जे पाहिजे ते तुम्ही मोरीत टाकलंत!"

ते दचकले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्यावर कधी चढवला नव्हता असा आवाज चढवला.

"मग काय, ते डबीत भरून देऊ? लोकांच्या हातात? माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली. घरी आल्यावर पहिलं काय केलं माहितीये? घर सारवलं, सगळ्यांना आंघोळी घातल्या, धुतलेले कपडे घातले. म्हणाला, यापुढे कुणी आपल्याला घाणेरडं म्हणायचं नाही. माझी आई मरेपर्यंत सांगायची हे. आणि दर जयंतीला भाषणात काय ऐकतो आपण? आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात मडकं बांधायचे. कशाला? तर त्यांची थुंकी रस्त्याला लागू नये. आणि आज माझी पोरगी माझ्या हातात डबी देते, म्हणते, थुंका हिच्यात. वरती नाव लिहिते माझं."

मी किती घरांतून डब्या वाटल्या असतील. त्यांतली निम्मी घरं आमच्यासारखीच. पण डबीकडे बघून कुणाला मडकं आठवत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मला रडू आलं आणि भयंकर रागही आला, पप्पांचा नाही, त्या मडक्याचा. इतक्या पिढ्या उलटल्या आणि ते अजून माझ्या बापाचा जीव घ्यायला बसलंय! मी ठरवलं, याला मी जिंकू देणार नाही.

"पप्पा, ते मडकं बांधलं कारण तुमचं काहीच कुणाला नको होतं. ही डबी दिली कारण तुमचं आम्हाला पाहिजे. तुमच्या डबीसाठी लॅबमध्ये एक शिकलेली मुलगी कोट घालून बसलीय. त्याच्यासाठी वेगळं मशीन आहे. तुम्ही मला शिकवलंत ना? मी शिकले ते हेच शिकले."

ते खुर्चीवर बसले. त्यांनी डबी हातात फिरवून बघितली.

"त्या मुलीला किळस नाही येत?"

"येते ना. लाळ पाठवली की येते. मलाच ओरडते, हे काय पाणी पाठवलंत म्हणून."

पप्पांना हसू आलं. हसता हसता खोकला आला, तळापासून, खुर्चीचे हात धरायला लावणारा. मी मास्क वर ओढला आणि त्यांना धरून बाहेर गॅलरीत मोकळ्या हवेत नेलं. हातमोजे चढवून नवी डबी उघडली आणि पुढे केली. "दाबू नका, येऊ दे सगळं." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. डबी माझ्या हातातून घेतली आणि त्यात टाकलं. झाकण स्वतः घट्ट लावलं, आणि डबी न पुसता माझ्या हातात दिली. मी हातमोजे घातलेल्या दोन्ही हातांनी ती घेतली.

टीबीच होता. नेहमीच्या औषधांना दाद देणारा, हे त्यातल्या त्यात सुख. भावाने फोनवर "ताई" एवढंच म्हटलं. मी म्हटलं, आधी बाळाला तपासायला घेऊन ये. बाळाला रोग नव्हता. तो होऊ नये म्हणून तिला औषध सुरू झालं, भावाला आणि त्याच्या बायकोलाही. पप्पांचा पलंग खिडकीशी गेला. टीबीच्या घरात औषधाइतकंच ताट भरलेलं लागतं, हेही संशोधनाने दाखवलं आहे. भावाच्या बायकोने संशोधन न वाचताच रोज अंडी, शेंगदाणे, डाळीची मोठी वाटी सुरू केली होती. पप्पा गोळ्या बघून तोंड वाकडं करायचे, पण एक दिवस चुकवला नाही.

डॉक्टर बाईंनी बाहेर जायला हरकत नाही म्हटल्यावर ते पहिल्यांदा गेले ते विहारात, मास्क लावून. मीही गेले होते. रविवारची वंदना संपली, लोक उठायला लागले, तेवढ्यात पप्पा उभे राहिले.

"बसा जरा. मला टीबी झालाय."

पुढे बसलेल्या दोघी बायकांनी पदर नाकाला लावले. भाऊ खाली बघत होता. पप्पांनी त्यांच्याकडे बघून घेतलं आणि आवाज आणखी मोठा केला.

"औषध चालू आहे, आता माझ्यापासून कुणाला भीती नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. भीती आहे ती न तपासलेल्यांची. आपण इतकी वर्षं म्हणत आलो, कंपनीचा खोकला. कंपनी कधीच बंद झाली, मग खोकला कुणाचा आहे? डबी माझ्या मुलीकडे मिळेल. लाज सोडा. आणि छातीतलं मोरीत टाकून वरचं गोड गोड पाणी देऊ नका. मी दिलंय, म्हणून सांगतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाला, "असलं काय विहारात बोलायचं?" आम्ही चालत घरी आलो. वाटेत मला वाटलं, पप्पांना पश्चात्ताप होतोय.

त्या रात्री मी माहेरीच राहिले. सकाळी दार वाजलं. उघडलं तर बाहेर फौंड्रीतले त्यांचे जुने सोबती, एकामागे एक जिन्यापर्यंत उभे, लुंगीवर, केस विस्कटलेले, पारोशा तोंडाने. साध्या पाण्याने चूळ भरली तर चालते हे सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून बिचारे चहाही न घेता आले होते. पप्पा आतून मास्क लावत आले, त्यांना बघून म्हणाले, "सगळे गॅलरीत चला, मोकळ्या हवेत," आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काढ."

मी पिशवी उलटी केली. डब्या कमी पडल्या.